टेकाडावरची छत्रीवाली

आमच्या म्हाताऱ्याला भिंतीकडे तोंड करून बसायची सवय लागली, म्हणून मी चित्र आणायला गेले. गोष्ट एवढीच होती. माझ्या नवऱ्याची, हिलालची, सगळी उमर सुरतेजवळ उधन्याच्या लूमवर कापड विणण्यात गेली आणि कानही तिथेच गेले. काम सुटलं तसं बोलणंही सुटलं. भाकरी वाढली की खायचा, मग पुन्हा भिंत. बघायचीच आहे तर भिंतीवर काहीतरी असू दे, म्हटलं.

फ्रेमवाल्या ललितच्या दुकानात देवांच्या गर्दीत एक विलायती चित्र होतं. उन्हातलं गवत, लाल फुलं, लांब टेकाडावर छत्री धरून उभी असलेली बाई. जवळ गेले तर नुसते रंगाचे ठिपके. साड्यांच्या छपाईत मुरलेल्या गल्लीतली मी, मला कोण फसवतं?

"छपाई हलली आहे याची. बाईला नाक नाही, डोळे नाहीत. डागी माल गळ्यात मारतोस का रे?"

"मासी, ए तो एवुंज होय," ललित हसला. "दूरथी जुओ ने."

असंच असतं म्हणे, तर लांबून पाहिलं. गवत हललं, असं मी म्हणणार नाही. पण वारा लागल्यासारखा मी पदर सावरला, हे खरं.

चित्र भिंतीवर लागलं. एका दुपारी मोरीत भांडी घासत होते, तर खोलीतून हसू आलं. हिलालचं. जाऊन बघते तर गडी खाटेवर बसून चित्राशी हातवारे करतोय. लूमच्या खडखडाटात माणसं हातांनीच बोलतात. दोरा तुटला, चहा आला, मालक आला, सगळ्याला खूण असते. मीही लूमवर दोऱ्याच्या बॉबिनी भरल्या आहेत, मला ती बोली येते. तो तिला विचारत होता, चहा झाला का.

मी खुणेनेच विचारलं, कोणाशी चाललंय?

"त्या बाईसंगे," तो तोंडाने बोलला. कितीतरी दिवसांनी. "लांब शे ना ती... आवाज पोचत नही."

काय म्हणते ती?

"इचारस... तुनी बायको सदा उभी का बरं शे?"

मी चित्राच्या खिळ्याकडे पाहिलं. पण चित्र मी काढलं नाही. का काढू? माणूस बोलायला लागला होता. जेवताना गावच्या गोष्टी सांगायचा, माझ्या वांग्याच्या भाजीला नावं ठेवायचा. ते ऐकूनही मला गोड वाटायचं.

मग एकदा भरदुपारी वीज गेली. गल्लीतले सगळे लूम एकदम थांबले. एवढी शांतता मी उधन्यात कधी ऐकली नव्हती. खोलीत ओल्या गवताचा वास भरला... आणि हिलाल चपला घालत होता.

मी चित्राकडे पाहिलं. बाईचा मोकळा हात वर होता. तिने तळवा झटकला, मागे टेकाडापलीकडे बोट केलं. लूमवरचीच खूण: कामाची पाळी सुटली, चल.

"अहो... बसा," मी म्हटलं. त्याला कुठलं ऐकू येणार.

मी मध्येच उभी राहिले आणि दोन्ही हातांनी तिला ठणकावलं. याची पाळी अजून बाकी आहे. सुटली की आम्ही जोडीने येऊ. तोवर थांबायचं.

लूम धडधडत सुरू झाले. हिलाल ठसका लागेपर्यंत हसला. "मंगला, तू तिलेबी सोडं नही."

आता आमच्याकडे इतक्या गप्पा चालतात की शेजारची रंजना दार लावून घेते. चित्र जागेवरच आहे. फक्त ती बाई टेकाडावर उभी नाही. छत्री मिटून गवतात बसली आहे. आणि तिच्या बाजूचं गवत दबलेलं आहे... दोन माणसं बसतील एवढं.