राखणीची पाळी

मिरजेतल्या म्हाताऱ्या माणसांनी झोपेची तक्रार करणं आता सोडून दिलं होतं. गप्पांचा हक्काचा विषय गेला म्हणून काहीजण हळहळत, पण हळहळून झालं की तेही घोरत. घरोघरी 'निवांत' नावाची गादी आली होती. गोळी नाही, इंजेक्शन नाही. सुंठीवाचून खोकला गेला होता.

रंगनाथ आवटी, म्हणजे आबा, पूर्वी पत्र्यावरून मांजर गेलं तरी उठून बसायचे. गादीवर ते लहान मुलासारखे झोपू लागले. आज मात्र ते आठ वर्षांच्या नातीला घेऊन गादीच्या जनक डॉ. केतकी बर्वे यांच्यासमोर बसले होते. ईरा वर्गात बाकावर डोकं टेकून झोपायची. घरी तिचा डोळ्याला डोळा लागत नव्हता.

"आधी गादी मला आणली, डॉक्टरीणबाई. मग आमचा विलास जागा राहायला लागला. त्याला घेतली, तर सूनबाई जागी. तिलाही घेतली. आता ही."

केतकीनं चौघांच्या झोपेचे आलेख एकाखाली एक लावले आणि बराच वेळ पाहत राहिली.

झोपलेल्या मेंदूचा एक कोपरा जागाच असतो, चाहूल घेत. गावच्या राखणदारावरून तिनंच त्याला 'जागल्या' म्हटलं होतं. वय वाढतं तसा जागल्या सावध होतो, म्हणून म्हाताऱ्यांची झोप हलकी. गादी एक मंद स्पंदन सोडायची, जवळ कुणीतरी जागं बसल्यासारखं. मग जागल्या बिनघोर आडवा व्हायचा. हे सगळं तिनं आबांना समजावून सांगितलं.

"म्हणजे तुमची गादी थाप मारते," आबा म्हणाले.

"मारते. आणि तिथंच माझं चुकलं. झोपेतही माणसं एकमेकांचे श्वास ऐकतात, अगदी भिंतीपलीकडचेसुद्धा. राखणीला कुणी नाही हे कळलं, की उरलेल्यांपैकी एकाचा जागल्या उठतो. तुमच्याकडे ईराच उरली होती. आबा, म्हातारपणची हलकी झोप हा आजार नाहीच बहुतेक. ती घराची राखण आहे, कुणीतरी करावीच लागते."

"मग माझी मला परत द्या."

"तुमची झोप पुन्हा मोडेल."

"मोडू दे की. उगाचच जागं राहायचा वैताग होता. पोरीसाठी जागायला कसला वैताग? आणि दुपारी आरामखुर्ची आहेच."

पुढच्या आठवड्यात ते गादी परत करायला आले. डोळे लाल होते, पण स्वारी खुशीत होती. ईराला शाळेसाठी हलवून उठवावं लागत होतं, हे त्यांनी दोनदा सांगितलं. केतकीलाही फार बरं वाटलं.

जाता जाता आबांनी विचारलं, "तुम्हीही गादी वापरता?"

"हो. एकटीच राहते मी. छान झोप लागते."

"मग तुमची राखण कोण करतं?"

ती उत्तर द्यायला गेली आणि तिला शेजारचं तान्हं बाळ आठवलं. तिच्या पलंगाच्या भिंतीपलीकडेच त्याचा पाळणा होता. त्याच्या आईबापांनी नुकत्याच गाद्या घेतल्या होत्या. बाळ रडत नसे, नुसतं टक्क जागं असे. आजच सकाळी त्याच्या आईनं तिला जिन्यात गाठलं होतं.

"डॉक्टर, याच्या मापाची गादी मिळेल का हो?"