चकातली पिन

मानस, ती ट्यूबलाइट विझव. भिऊ नकोस रे, डोळ्यांवर येतेय म्हणून सांगतोय.

ही हकिगत आमच्या ऑफिसातल्या दत्तात्रय पोंक्ष्यांची. भलता संशयी माणूस. दूधवाल्यासमोर दुधात बोट बुडवून बघायचा. असा माणूस भुताबितांच्या गप्पा मारत नाही, म्हणून तर माझा विश्वास बसला.

साल चौऱ्याण्णव, दिवाळी पाडव्याची रात्र. फरीदाबादला तेव्हा नवे सेक्टर वसत होते. पोंक्ष्यांची मुलगी सुनीती लहानपणच्या पोलिओमुळे पायाला कॅलिपर लावून चालायची. सोमवारी नागपूरला तिची नोकरीची मुलाखत, पहाटेची गाडी, आणि ऐन संध्याकाळी कॅलिपरच्या गुडघ्यातली स्टेनलेस स्टीलची पिन तुटली.

"बाबा, मला कुणी उचलून न्यायचं नाही," ती म्हणाली. "मी चालत जाणार, नाहीतर जाणारच नाही."

तुटकी पिन घेऊन पोंक्षे निघाले. चार कारागीर कामाला असलेलं एक वर्कशॉप त्यांच्या माहितीतलं होतं. पाडव्याला हाती घेतलेलं काम तडीस जातं, ही आपली समजूत. पण तिकडे त्याच दिवशी विश्वकर्मा पूजा. यंत्रं पुसायची, हार घालायचा, लाल धागा बांधायचा आणि त्या दिवशी एकही चालवायचं नाही. वीस वर्षं दिल्लीकडे काढूनही पोंक्ष्यांना याचा पत्ता नव्हता. सणावाराला आपण मराठी घरांतच तर फिरतो.

शेडचं दार उघडं होतं. आत पणतीच्या उजेडात एक म्हातारा लेथपाशी, म्हणजे धातू कातायच्या यंत्रापाशी, उभा.

"ये पिन बन जाएगी क्या?"

म्हाताऱ्याने हात पुढे केला. पोंक्ष्यांनी तुटकी पिन त्यावर ठेवली.

एकटाच कसा? दिवे का नाहीत? मालकाच्या नकळत चालवतोय लबाड, पोंक्ष्यांनी ताडलं. आता स्टीलच्या नावाखाली लोखंड गळ्यात मारणार. त्यांनी त्याच्या हातांवरची नजर काढली नाही.

लेथ फिरत होतं. पिन उतरत होती. आणि आवाज...

आवाज नव्हता.

म्हाताऱ्याने नवी पिन त्यांच्या तळहातावर ठेवली. लेथवरून उतरलेलं स्टील चटका देतं. ही गार होती. विहिरीच्या पाण्यासारखी.

पोंक्ष्यांनी खिशातलं लोहचुंबक काढलं. लावलं. चिकटलं नाही. माल अस्सल.

"और मेरा पुराना पीस?"

...

समोर कुणी नव्हतं.

पोंक्षे कसेबसे घरी पोचले. पिन बसली. पहाटे सुनीती प्लॅटफॉर्मवरून आपल्या पायांनी चालत डब्यात चढली, आणि हा खडूस माणूस चारचौघांत रडला.

पण जित्याची खोड. स्टेशनवरून ते थेट वर्कशॉपवर गेले. दाराला कुलूप. मालक सरदारजी किल्ली घेऊन येतच होते.

"कल तो मशीन को हाथ भी नहीं लगाते जी. पूजा करके दोपहर में मैंने खुद ताला मारा था."

कुलूप उघडलं. लेथवर झेंडूचा हार. काम पकडून ठेवणारा लेथचा जबडा असतो ना, चक म्हणतात त्याला, त्यावर लाल धाग्याचे वेढे. गाठ सरदारजींच्या हातची. जशीच्या तशी.

आणि धाग्याच्या आत... जबड्यात घट्ट धरलेली...

सुनीतीची तुटकी पिन.

ती काढायची तर धागा कापावा लागणार होता. सरदारजींनी कात्री आणली. पोंक्ष्यांनी त्यांचा हात धरला. "रहने दीजिए, अब कुछ नहीं जाँचना."