रिकामी गाडी आपटायलाच हवी

धाकट्याच्या मते जगात अक्कल मुळातच फार कमी होती, आणि होती त्यातली बरीचशी त्याच्या एकट्याच्या वाट्याला आलेली. बाकी सगळे येडे. शेजारी येडे, डॉक्टर येडे, आणि सगळ्यांत मोठा येडा म्हणजे त्याचा सख्खा थोरला भाऊ. दादाने इतकी वर्षं ती छोटी पिकअप चालवली, तिचे दणके खाऊन स्वतःच्या कंबरेचा पार खुळखुळा करून घेतला, पण तिचे स्प्रिंगचे पाटे काही बदलले नाहीत. आता तो कंबरेला पट्टा बांधून घरात बसला होता आणि गाडी धाकट्याकडे आली होती.

त्या दिवशीचं काम तसं साधंच होतं. आईच्या खुब्याचं ऑपरेशन झालं होतं आणि दुपारी तिला दवाखान्यातून घरी आणायचं होतं. सांधा नवा आहे, दणका बसता कामा नये, असं डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं. "तिच्या हातात भरलेली कपबशी देईन," धाकटा म्हणाला, "थेंब सांडला तर विचारा." उचलली जीभ, लावली टाळ्याला. पण या खेपेस त्याने खरोखरच सकाळी गाडी गॅरेजात नेली.

मिस्त्रीने गाडी जॅकवर घेतली, खाली सरकला आणि खालूनच हसायला लागला.

"साहेब, हा उद्योग कोणाचा?"

"का? काय झालं?"

"मूळचे पाटे आहेतच, त्यावर आणखी जास्तीचे चढवलेत. असली गाडी रिकामी चालवली तर घोड्यासारखी उडेल. लोक गाडी मऊ करून घेतात, यांनी मुद्दाम कडक करून घेतलीय."

"आमचे थोरले बंधू. दुसरं कोण असणार?"

दोघं पोटभर हसले. हसता हसता धाकट्याचं लक्ष केबिनमागच्या आडव्या दांड्याकडे गेलं. काळा रंग दिलेला दांडा, पण डाव्या टोकाशी दोन जागी रंग साफ उडून लोखंड चकचकीत झालं होतं. एकेक जागा मुठीएवढी. दोर घासला असेल, असं त्याने ठरवून टाकलं. दादाला धड दोर बांधायचीही अक्कल नाही.

जुने पाटे भंगारात गेले. नवे लवचीक पाटे बसले, नवे शॉकॲब्सॉर्बर बसले, वळणावर गाडी कलू नये म्हणून खालून जाड सळई बसली. मिस्त्रीने गाडी खाली घेतली आणि मागचा उजवा कोपरा दोन्ही हातांनी दाबून सोडला. कोपरा एकदा वर आला आणि थांबला.

"बघा. दाबलं की वर यायला पाहिजे, आणि आलं की गप उभं राहायला पाहिजे. याला म्हणतात काम."

मग तो डाव्या कोपऱ्याकडे गेला आणि हात लावण्याआधीच थबकला. तो कोपरा आधीच दबलेला होता.

गाडी पुन्हा जॅकवर चढली. डावीकडचे पाटे उजवीकडे, उजवीकडचे डावीकडे, सगळं करून झालं. हौद्यात वाकून बघितलं, तर हौदा मोकळा, त्यात फडकंसुद्धा नाही. आणि गाडी खाली टेकवली की डावा कोपरा सावकाश खाली जायचा, म्हातारं माणूस जपून बूड टेकतं तसा.

"नवे पाटे आहेत," मिस्त्री भलतीकडेच बघत हात पुसत म्हणाला. "बसेल हळूहळू."

आईसाठी उशी घ्यायला धाकटा घरी आला. दादा दारात स्टुलावर बसला होता. गाडी समोर येऊन उभी राहिली तेव्हा तो दचकून उठायला गेला, कळ आली तसा पुन्हा बसला.

"आवाज का नाही आला गाडीचा?"

"पाटे बदलले. तुझं ते लोखंड भंगारात दिलं."

"तुला चावी देताना काय सांगितलं होतं मी? पाट्यांना हात लावू नकोस. रिकामी गाडी आपटायलाच हवी."

"का पण? कंबर मोडायला?"

दादाने आवाज खाली आणला. "तो दांडा बघितलास? डावीकडे?"

"दोर बांधायचास तू. रंग गेलाय."

"मी तिथं कधी दोर बांधला नाही रे... एकदा माल उतरवून परत येत होतो. भर दुपार. गाडी एकदम मागून दबली, कोणी चढावं तशी. आरशात काही नाही. थोडं पुढे आलो, तर मागच्या काचेतून माझ्या खांद्यावर काहीतरी... टेकलं. तेवढ्यात मोठा खड्डा आला, गाडी आपटली आणि ते सुटलं. खड्डा आला की त्याला दोन्ही हातांनी दांडा धरावा लागतो. कळलं? म्हणून पाटे चढवले. गाडी आपटते तोवर त्याचे हात गुंतलेले राहतात."

धाकट्याने टाळी वाजवली. "वा! कंबर गेली ती गेली, आता डोकंही गेलं. भुताची बैठक मऊ केली म्हणून माझ्याच नावाने बोंब का?"

"ॲम्ब्युलन्स बोलाव. मी हात जोडतो. आपल्या आईला घेऊन हात दाखवून अवलक्षण करू नकोस."

"तुझ्या पाट्यांवर आणली असती तर सांधा रस्त्यातच निखळला असता. तेव्हा काय केलं असतंस?"

तेही खरंच होतं. धाकट्याने उशी काखोटीला मारली आणि शीळ घालत निघून गेला.

आईला डावीकडच्या सीटवर नीट बसवलं. पाठीशी उशी, अंगावर शाल. उकडत होतं म्हणून तिच्या डोक्यामागची छोटी काच सरकवून ठेवली. गाडी निघाली ती लोण्यातून सुरी फिरावी तशी. वळणं आली, गतिरोधक आले, आईचं तोंड जराही वाकडं झालं नाही.

"गाडी कोणाची मागून आणलीस रे?"

"आपलीच आहे! तुझ्या थोरल्या लेकाला जे जन्मात जमलं नाही, ते मी एका सकाळीत केलं."

"त्याला नावं नको ठेवूस. काळजी आहे त्याला. कंबर धरून आलाच ना मागे बसून."

"कोण?"

"दादा. मघापासून खांदा धरून बसलाय माझा. दणका बसू नये म्हणून..."

धाकट्याने आरशात बघितलं. हौद्यात ऊन पडलं होतं. बाकी काही नव्हतं.

"आई..." तो म्हणाला. "ती... ती मागची काच लाव बघू."

"अरे, हात चेमटेल ना त्याचा!"

आता शहाण्याला खड्डा हवा होता! आयुष्यभर ज्या खड्ड्यांना शिव्या घातल्या, त्यांतला एक तरी भेटावा म्हणून तो डोळे फाडून रस्ता बघू लागला. भेटलाही. चांगला खोल होता. आईच्या सांध्याचा विचार मनात आला, तरी त्याने दात आवळून चाक त्यातच घातलं. नवे पाटे दबले, वर आले आणि गप उभे राहिले. आईला कळलंसुद्धा नाही. त्याने दुसरा शोधला, तिसरा शोधला. गाडीने सगळे गिळले. काम खरोखरच फर्स्ट क्लास झालं होतं.

"हात गार आहे रे त्याचा," आई डोळे मिटून म्हणाली. "बरं वाटतंय या उन्हात."

घराशी गाडी थांबली तेव्हा दादा दारातच होता, चौकट धरून. दोघांनी मिळून आईला खाली उतरवलं आणि तिच्या हातात वॉकर दिला. दादा एकदम गाडीकडे बघत राहिला. मागचे दोन्ही कोपरे अगदी एका रेषेत होते. गाडी सरळ उभी होती.

"उतरलं..." तो पुटपुटला.

धाकट्याने गाडीतून आईची पिशवी आणि उशी काढली.

पायांकडे बघून चाला, असं डॉक्टरांनी सांगितलेलं. आई मान खाली घालून एकेक पाऊल टाकत उंबरा ओलांडून आत आली. तिच्या पुढे दादा, दोन्ही हातांनी पडदा बाजूला धरून. मागे धाकटा, एका हातात पिशवी आणि एका हातात उशी.

खाटेशी पोचल्यावर आईने सुस्कारा सोडला. "दोघांतला कोण आहे तो," ती मान वर न करता म्हणाली, "सोडा आता खांदा. आले ना मी घरी."

तिच्या डाव्या खांद्यावरची शाल दबलेली होती. ती वर येत नव्हती.