एकोणिसावा धडा

मशीनचं दार आणि माझं बोट यांची गाठ पडली, आणि कपडे धुवायच्या खोलीत मी जोरात ओरडले, "आई गं! मेले!"

झालं! दारात वॉर्डनबाई उभ्या. सरकारी खर्चानं परदेशी भाषा शिकायला आलेल्या आम्हा शाळकरी मुलांनी आल्या दिवशीच सही करून दिली होती — कोर्स संपेपर्यंत मायबोलीतला एक शब्द तोंडातून काढणार नाही. पहिल्या चुकीला ताकीद, दुसऱ्या चुकीला परतीचं विमान. माझ्या नावापुढं पहिली फुली पडली.

बाई गेल्या, आणि मागून कुणीतरी खुदकन हसलं. हातात एकच ओला मोजा धरलेला मुलगा... वरच्या वर्गातला. अख्ख्या हॉस्टेलात आमच्या भाषेचे आम्ही दोघंच. पण तो नव्या भाषेत, जमवलेल्या शब्दांत म्हणाला, "बोट आहे? की गेलं?"

"आहे. तुझा दुसरा मोजा?"

"गेला."

तेव्हापासून तो मोजेवाला आणि मी आईगं. "ही आपली भाषा नाही, तुझं नाव आहे," असा वर त्याचा शहाणपणा!

शनिवारी दुपारी मशीन फिरायची ती चाळीस मिनिटं आमची. शब्द थोडे, म्हणून नजरेलाच जास्त काम. एकदा त्यानं माझ्या स्वेटरवरचा धागा काढला, आणि फेकायचा सोडून खिशात टाकला.

"मला तुला काही सांगायचं आहे."

"मग सांग की."

"तुझ्याकडं ते शब्द नाहीत. एकोणिसाव्या धड्यात येतात."

"आमचा अजून चौदावा..."

"मी थांबतो," तो म्हणाला, आणि उगाचच रिकाम्या मशीनचं दार पुसत बसला.

थांबणं त्याला परवडणारं होतं. पहिल्या तिघांना सरकार पुढची चार वर्षं तिथंच शिकवणार होतं, आणि तो पहिला होता. मीही तिसरी यायची म्हणून जिवाचं रान करत होते.

घरचे फोन रविवारी यायचे, तेवढ्यापुरती मायबोलीला सूट. त्याचा बुधवारी आला. ज्यांनी त्याला लहानाचं मोठं केलं, ज्यांनी इथं येण्याच्या परीक्षेचा फॉर्म स्वतः रांगेत उभं राहून आणला, ते त्याचे आजोबा गेले.

तो धुण्याच्या खोलीत सापडला. बंद मशीनकडं बघत बसलेला.

"मला वाईट वाटतं," मी नव्या भाषेत म्हणाले. नवव्या धड्यात बस चुकलेल्या माणसाला हेच वाक्य म्हणतात. त्यानं मान हलवली, शहाण्या विद्यार्थ्यासारखी. ती मान मला बघवेना.

मी शेजारी बसले. आणि आमच्या भाषेत म्हणाले, "रड रे राजा... रड. मी आहे ना."

त्याचा बांध फुटला. त्यानं तोंड उघडलं, तशी मी तळहात ठेवला त्यावर. "तू नको बोलूस. तुला इथं राहायचंय, त्यांच्यासाठी. मी बोलते." आणि बोलत राहिले... माझे आजोबा, आमची गल्ली, काहीबाही. तळहात भिजत होता. वॉर्डनबाई दारात कधी आल्या, कळलंच नाही. त्यांचेही डोळे भरले होते, पण नियम तो नियमच.

शुक्रवारी सकाळी मला विमानतळावर न्यायला गाडी आली. तो धावत काचेपाशी आला. त्याचे ओठ हलायला लागले — आमच्या भाषेत, मला दिसलं — आणि मी पटकन ओठांवर बोट ठेवलं. मशीनच्या दारात सापडलेलं, तेच.

मग त्यानं पुस्तक उघडलं. एकोणिसावा धडा. पान काचेला टेकवलं आणि एका ओळीखाली बोट धरलं.

आमचा वर्ग सोळाव्यावर होता. अक्षरं ओळखीची, शब्द एकही नाही. तो माझ्या चेहऱ्याकडं बघत होता... श्वास रोखून.

मी मान हलवली. कळलं, म्हणून.

बुधवारनंतर तो पहिल्यांदाच हसला. गाडी सुटली, आणि मला काहीच कळलं नव्हतं, हे त्याला कधीच कळलं नाही.