मोशीच्या शिवेवरचं घर

एकोणीसशे एक्कावन्नचा फेब्रुवारी उजाडला तेव्हा मोशीतल्या प्रत्येक दारावर गेरूचा आकडा होता. गोजाच्या दारावर मात्र काहीच नव्हतं.

एका दुपारी ती हरभऱ्याचा भारा डोक्यावर घेऊन बांधावरून येत होती. वाटेत एक पांढरी टोपी उभी. टोपीखालचा तरुण माणूस हातातला कागद एकदा उभा धरी, एकदा आडवा धरी, मग समोरच्या रानाकडं पाही. पायजमा गुडघ्यापर्यंत कुसळांनी भरलेला.

"वाट चुकला का?" गोजानं विचारलं.

"वाट नाही, चिंच चुकतेय. कागदावर विहिरीपुढं चिंच आहे. विहीर सापडली, पण चिंच…"

"चिंच पडली दोन वर्सांमागं. कागद कवाचा हाय?"

"जुनाच असणार."

"मंग आमचं घर बी नसंल त्यात." तिनं भारा बांधावर टेकवला. "मोशीचा आकडंवाला आला, म्हनला तुमी चिखलीत. चिखलीचा आला, म्हनला तुमी मोशीत. दोगंबी चा पिऊन गेले. आता तुमीच सांगा, आमी कुटंच न्हाई व्हय?"

तो हसेल असं तिला वाटलं होतं. तो हसला नाही. खिशातून पेन्सिल काढून त्यानं वहीत काहीतरी लिहिलं आणि विचारलं, "तुमचं नाव?"

"गोजा. आन तुमचं?"

पेन्सिल थांबली. या गावात त्याला नाव विचारणारी बाई बहुधा पहिल्यांदाच भेटली असावी. "अर्जुनराव," तो म्हणाला. "मोशीच्या शाळेत आहे, दिवाळीपासून. शिरगणतीचं काम शाळामास्तरांकडंच असतं."

"या मंग, अर्जुनराव गुरुजी. आमाला गना."

घर दगडमातीचं, तीन खणांचं. मागच्या अंगणात शिवेचा दगड होता. शेंदूर लावलेला, गुडघाभर उंच. गुरुजींनी दगडापासून पावलं टाकत मोजलं. गोठा चिखलीत गेला, चूल मोशीत आली.

"मग तुम्ही मोशीचेच," ते म्हणाले. "एका चुलीवर जेवतात ती माणसं म्हणजे एक घर. गोठ्यात कोण बांधलंय ते सरकार विचारत नाही."

गेरूची वाटी गोजानं धरली. काडीला चिंधी गुंडाळून त्यांनी चौकटीवर ८७/१ असा आकडा काढला. हात वर होता, वाटी खाली, आणि दोघांच्या मध्ये वीतभर जागा. काडीवरचा एक थेंब तिच्या मनगटावर पडला.

"राहू द्या," ती म्हणाली. "दाराला आकडा, मला टिपका."

मग ओसरीवर घोंगडी पसरून चिठ्ठ्या भरणं सुरू झालं. माणसागणिक एक चिठ्ठी. गोजाचा बाप सोनबा अजून गुरांकडून यायचा होता, म्हणून गुरुजींनी आधी आईला विचारलं, "घरमालकाचं नाव काय?"

मंजुळाबाईंनी पदर पुढं ओढला आणि भिंतीकडं पाहिलं. गुरुजींना वाटलं ऐकू आलं नाही. त्यांनी आवाज चढवून पुन्हा विचारलं. आई भिंतीकडंच पाहत राहिली.

"गुरुजी, तुमच्याकडं बायका नवऱ्याचं नाव घेत्यात व्हय?" गोजा म्हणाली. "लिवा, सोनबा."

ते ओतूरकडचे. कानाची पाळी लाल झाली. "आमच्याकडंही घेत नाहीत," ते पुटपुटले. "कागद हातात असला की माणूस विसरतो."

सोनबा आला, हातपाय धुऊन बसला, आणि गोजाची चिठ्ठी निघाली. वय बावीस. लिहिता-वाचता येतं का? चौथीपर्यंत. लग्न?

"झालेलं," सोनबा म्हणाला. "चाकनला दिलीय."

गोजानं मान खाली घातली. हरभऱ्याचा एक घाटा तिच्या बोटांत होता, तो ती उगाच सोलत बसली. चौदाव्या वर्षी तिला चाकणच्या चिमाजीला दिली होती. पाच वर्षं नांदल्यावर त्यानं दुसरी घरात आणली. मग याच ओसरीवर चार पंचांसमोर त्यानं गवताची काडी मोडली, दोन तुकडे दोन बाजूंना टाकले, आणि ती मोकळी झाली. त्याला तीन वर्षं होत आली. काडीमोडीचा कागद कुणी केला नव्हता. काडी मोडली म्हणजे मोडली. आता ती दुसरी माहेरी निघून गेली होती आणि चाकणहून निरोप यायला लागले होते, की पोरीला धाडून द्या, झालं गेलं विसरा. लोकांच्या बोलण्याला कंटाळलेला सोनबा अर्धामुर्धा तयार झाला होता.

गुरुजी निघाले तेव्हा ती शिवेच्या दगडापर्यंत त्यांच्यामागं गेली.

"लिवलं का, लगीन झालेलं?"

"नाही. ती जागा कोरी ठेवलीय."

"का?"

"तुम्ही मान खाली घातली होती. एकोणतीस वाड्यावस्त्या फिरलो. बाप बोलतो आणि लेक मान खाली घालते, तेव्हा उत्तर खरं असतंच असं नाही."

गोजानं मनगटावरचा गेरू अंगठ्यानं चोळला. तो निघाला नाही. "ही चिठ्ठी कोन वाचतं?"

"कुणीच नाही. गुप्त असते. कोर्टातसुद्धा दाखवता येत नाही."

"म्हंजी तिचा उपेग न्हाई."

"तुम्हाला नाही."

तिनं दगडावरचा पाचोळा झाडला. "कुनी वाचनार न्हाई तर खोटं तरी कशाला लिवायचं?" मग म्हणाली, "जागा कोरी ऱ्हाऊ द्या. म्या सांगंन."

"एक मार्चच्या सकाळी शेवटची फेरी आहे. तोवर."

नदीकाठच्या वस्त्यांवर गुरुजींचं काम अडलं होतं. पुरुष दिवसभर रानात, काही खडकीच्या कारखान्यात. घरी असत त्या बायका, आणि त्या नवऱ्याचं नाव विचारलं की भिंत पाहत. शेवटी नावं सांगायला गोजाला पाठवाल का, असं त्यांनी सोनबालाच विचारलं. सोनबानं लेकीला जायला परवानगी दिली, पण सोबत शेजारच्या वस्तीवर राहणारी त्याची चुलती रुक्मिणीबाई हवी. म्हातारी आनंदानं निघाली. तिला गणतीपेक्षा गुरुजींचं आडनाव, कूळ आणि घरची जमीन यांत जास्त गोडी होती. पहिल्या दोन फर्लांगांत तिनं ते सगळं काढून घेतलं आणि गोजाला ढोपरानं ढोसून सांगितलं, "आपल्यातलाच हाय."

मग आठ-दहा दिवस इंद्रायणीच्या काठानं तिघं फिरली. ज्वारी कापणीला आली होती. वारा आला की कणसं एकमेकांवर घासत. दारात उभं राहायचं, गुरुजींनी प्रश्न विचारायचा, बाईनं भिंतीकडं पाहायचं आणि गोजानं नाव सांगायचं. आबाजी. दत्तोबा. कुणाचा मुलगा मुंबईला गिरणीत. कुणाच्या घरात अकरा माणसं आणि एक खण. कुणाचं घर मोठं आणि माणूस एकच.

रुक्मिणीबाईची चिठ्ठीही या फिरण्यातच एका झाडाखाली भरली गेली.

"वय किती, आजी?"

"पयल्या प्लेगात दोन लेकरांची आय व्हते."

गुरुजींनी बोटांवर हिशेब केला. "बहात्तर लिहितो. पाकिस्तानातून आलात का?"

"कुटनं?"

"विचारावं लागतं, आजी. सगळ्यांना विचारतो."

"म्या भोसरीहून आले लगीन होऊन," म्हातारी म्हणाली. "मधी एक वढा लागतो."

गोजा पदरात तोंड घालून हसली, आणि तिनं पाहिलं की गुरुजी प्रश्न विचारताना नव्हे तर तिच्या हसण्याकडं पाहताना अडखळले. पेन्सिल कागदावर होती, डोळे नव्हते.

"अर्जुनराव गुरुजी, रेघ वाकडी चाललीया."

"गोजे," रुक्मिणीबाई डाफरली, "मास्तराचं नाव घिऊन हाक मारती का कुनी?"

"नाव घेतल्यानं झिजतं व्हय?" गोजा म्हणाली. वाटेवर, ओढ्यात, बांधावर ती मुद्दाम तेच म्हणायची. अर्जुनराव, दगड निसरडा हाय. अर्जुनराव, टोपी वाऱ्यानं चाललीया. साऱ्या काठावर त्यांना नावानं हाक मारणारी ती एकटीच होती, आणि ते तिला ठाऊक होतं.

"तुमची चिठ्ठी कोन भरतं?" एकदा तिनं विचारलं.

"मीच."

"मंग सांगा. म्या इचारते. वय?"

"सव्वीस."

"लगीन?"

"झालेलं नाही."

"का?"

"हा प्रश्न चिठ्ठीत नाही."

"म्या कुटं चिठ्ठीतलं इचारतीया…"

त्यांनी पेन्सिल खिशात घातली. पाण्यावर एक बगळा बसला होता, तो उगाच उडाला. म्हातारीनं कमरेची चंची सोडली, सुपारी कातरली, आणि कुणाकडंही न पाहता म्हणाली, "आपल्यात काडीमोड झालेलीचा पाट लागतो, दुसरं लगीन व्हतं. पर गडी बिनलग्नाचा असंल तर आदी त्याचं रुईच्या झाडाशी लगीन लावत्यात. म्हंजी पयली बायको रुई. मंग कुनी नाव ठेवत न्हाई."

परतताना गोजाला दिसलं, की गुरुजी वाटेकडेचं प्रत्येक झुडूप नीट पाहत चालले आहेत.

अठ्ठावीस तारखेच्या दुपारी चाकणहून छकडा आला. चिमाजीचे चुलते मारुतराव. गोड-गोड बोलण्याचा, धोतराला परीटघडी असलेला माणूस. त्यांनी सोनबाच्या गुडघ्यावर हात ठेवून सांगितलं की सकाळी निघू, पोरीची पेटी भरून ठेवा. सोनबा "बरं" म्हणाला. आईनं पेटी काढली आणि तिच्यात काहीच न भरता तिच्याशेजारी बसून राहिली.

एक मार्चला ऊन कौलांवर यायच्या आत गुरुजी दारात उभे राहिले. छकडा जुंपलेला होता. त्यांनी तो पाहिला. पेटी पाहिली. मग नेहमीच्या आवाजात विचारलं, "गेल्या फेरीपासून घरात कुणी जन्मलं? कुणी वारलं? कुणी नवीन राहायला आलं?"

"न्हाई," सोनबा म्हणाला.

"मग एक जागा कोरी आहे." त्यांनी चिठ्ठी पुढं धरली. "गोजाबाईंची. लग्नाची."

"लगीन झालेलं," मारुतराव म्हणाले. "तिला न्यायलाच आलोय आमी. लिवा."

"ज्याची चिठ्ठी, त्यानं सांगायचं असतं."

सगळे गोजाकडं वळले. ती उंबऱ्यात उभी होती, बरोबर गेरूच्या आकड्याखाली. तिनं एकदा आईकडं पाहिलं. तीस वर्षं जिनं एक नाव ओठांवर येऊ दिलं नाही ती आई. आणि मग तिला काय करायचं ते कळलं.

"काडीमोड," ती म्हणाली. "लिवून घ्या गुरुजी. ह्या वसरीवर झाली. काडी मोडली ती चिमाजीनं."

अंगणात बैलाच्या गळ्यातली घंटा वाजली तेवढीच.

"काय म्हनलीस?" मारुतराव हळूच म्हणाले.

"चिमाजी," गोजा म्हणाली. दुसऱ्यांदा ते सोपं गेलं. "चिमाजी. चाकनचा. माझा कुनी न्हाई तो, म्हनून नाव घेतीया."

मारुतरावांनी सोनबाकडं पाहिलं. सोनबा जमिनीकडं पाहत होता. मग त्यानं मान वर केली, तेव्हा त्याचा चेहरा ओझं उतरलेल्या माणसासारखा दिसत होता. "लिवा गुरुजी," तो म्हणाला. "ती म्हंती तेच खरं हाय. म्या बी व्हतो तितं."

"नांदनारी बाई असं नाव घेत न्हाई," मारुतराव उठले. खांद्यावरचं उपरणं त्यांनी झटकलं. "ऱ्हाऊ द्या तुमच्याकडंच." छकडा वळला, शिवेच्या दगडाला चाक घासलं, आणि धूळ चिखलीच्या बाजूला निघून गेली.

गुरुजींनी ओसरीच्या कडेला बसून ती जागा भरली. एक शब्द, पण ते बराच वेळ लिहीत होते. जाताना दगडापाशी थांबले. गोजा गोठ्यात शेण भरत होती.

"एक विचारायचं होतं," ते म्हणाले.

"चिठ्ठीतलं?"

"नाही." त्यांनी टोपी काढली, पुन्हा घातली. "तुमच्या बांधावर… रुई आहे का?"

गोजाच्या हातातली पाटी तशीच राहिली. "हाय," ती म्हणाली. "पर ती चिखलीच्या अंगाला हाय."

"चालेल मला," गुरुजी म्हणाले.

तीन तारखेला तालुक्याचे तपासणी अधिकारी आले. नानासाहेब, सायकल, चष्मा, कातडी पिशवी. दहा घरांतलं एक घर ते स्वतः पडताळत. शिवेवरचं घर त्यांना मुद्दाम पाहायचं होतं. गुरुजी त्यांच्यामागं उभे. सोनबा ओसरीवर, रुक्मिणीबाई खांबाला टेकून, आई चुलीपाशी. गोजा पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली.

"तुमच्याकडं गणतीला कुणी आलं होतं का?" नानासाहेबांनी तिलाच विचारलं.

"व्हय. आलते."

"कोण?"

"गुरुजी."

"नाव काय त्यांचं? मला लिहावं लागतं."

गोजानं तोंड उघडलं. साऱ्या नदीकाठची नावं तिनं सांगितली होती. आबाजी, दत्तोबा… परवा सकाळी एक नाव चारचौघांत तीनदा घेतलं होतं. आणि हे नाव तर ओढ्यात, बांधावर, वाऱ्यात कितीदा… ते ओठांपर्यंत आलं आणि तिथंच थांबलं.

"बाई, नाव ठाऊक नाही का?"

तिनं पदर पुढं ओढला आणि भिंतीकडं पाहिलं.

नानासाहेबांनी चष्मा वर केला. गुरुजी चौकटीवरचा आकडा पाहत होते, जणू तो त्यांनी काढलाच नव्हता; कानाच्या पाळ्या मात्र गेरूच्याच रंगाच्या झाल्या होत्या.

मग चुलीपाशी भाकरी थापटणं थांबलं.

"अर्जुनराव," मंजुळाबाई आतून म्हणाल्या, स्वच्छ, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात. "लिवा सायेब, अर्जुनराव. तिला न्हाई घेता यायचं आता."

नानासाहेबांनी नाव लिहिलं. चिठ्ठ्या चाळल्या, घर पाहिलं, दगड पाहिला. शेवटी टाक झटकून विचारलं, "या घरात माणसं किती?"

सोनबानं लेकीच्या पदराकडं पाहिलं, मग गुरुजींच्या टोपीकडं.

"आज तीन," तो म्हणाला. "शिमग्यानंतरचं आमी सांगत न्हाई."