हैबतीचा खजूर

वंशवाचक गावात आला तो बोगस रोपं पकडायला. यंत्र चुन्याच्या डबीहून थोडं मोठं. पानाचा तुकडा आत ठेवला, की जनुकं वाचून जगभरच्या नोंदींतून ते त्या झाडाचे आईबाप शोधून द्यायचं. सोसायटीच्या ओट्यापाशी डाळिंबाची, आंब्याची रोपं घेऊन रांग लागली होती. शालन शेडगे मात्र परसातल्या खजुराची पात घेऊन उभ्या होत्या.

"बाई, त्या झाडाचं आता काय काढताय?" मागून कुणीतरी हसलं.

शालनबाईंना सवय होती. पहिल्या महायुद्धाला गावातून बत्तीस जण गेले. चावडीपुढच्या शिळेवर नावं मात्र एकतीस. बत्तिसावे त्यांचे आजोबा, हैबती. युद्ध संपून दोन वर्षं झाल्यावर ते परतले. गाव म्हणे, पळपुट्या, मुंबईत लपून बसला होता. घरातली गोष्ट वेगळी होती. बसऱ्याकडच्या वेढ्यातून निसटून हैबती वाळवंटात हरवले, खजुरावर जगत पायी घरी आले आणि खिशात उरलेली बी त्यांनी परसात लावली. वडील ही गोष्ट सांगत तेव्हा लहानगी शालन त्याच खोडाला टेकून बसलेली असे. खोड पाठीला टोचे, पण ती हलत नसे. कारण वाळवंट आलं, की वडील खरंच उठून पाय ओढत चालून दाखवत. शिळेवर नाव यावं म्हणून त्यांनी जन्मभर अर्ज केले. पुरावा नव्हता.

कृषी महाविद्यालयाच्या डॉ. अमला घोरपडे यांनी पात यंत्रात ठेवली. थोड्या वेळानं त्या म्हणाल्या, "मावशी, झाड तिकडचंच आहे. इराकमधलं अमारा गाव, नदीकाठची बाग."

शालनबाईंनी पदर डोळ्यांना लावला. "आज आमचे वडील असायला हवे होते."

"पण हे बीचं झाड नाही. बीचं झाड आईहून थोडं वेगळं निघतं. हे तंतोतंत तेच आहे, म्हणजे केळीला फुटतो तसा मुनवा. तो पहारीनं खणून, ओल्या गोणपाटात बांधून आणावा लागतो. मावशी, हा त्यांना कुणीतरी दिलाय."

नोंदीतल्या पत्त्यावर बागेच्या मालकाला निरोप गेला. संध्याकाळी उत्तर आलं. एका हिंदी शिपायानं बंदूक नदीत टाकली, चार वर्षं त्यांच्या बागेला पाणी घातलं आणि जाताना मुनवा नेला, असं त्यांच्या घरात सांगत आले होते.

शालनबाईंनी ते दोनदा वाचून घेतलं.

अमलांनी हळूच विचारलं, "हे उत्तर बाजूला ठेवू? अर्जाला झाडाचा दाखला पुरेल."

"नको. बंदूक टाकली तर टाकली. झाडंच जगवली ना? त्यात पोरापासून लपवायचं काय होतं म्हाताऱ्याला?" त्या खुर्ची ओढून बसल्या. "त्या माणसाला फोन लावा."

पडद्यावर पिकल्या मिशांचे बागमालक जब्बार आले. ते अरबीत बोलत, दुभाषा यंत्र मराठीत सांगे. शालनबाईंनी हात जोडले. जब्बारांनी छातीवर हात ठेवला.

"माझ्या आजीनं त्याला नावेपर्यंत सोडलं होतं," ते म्हणाले. "मग पत्र नाही, निरोप नाही. मरेपर्यंत ती येणाऱ्याजाणाऱ्याला एकच विचारायची. म्हणून बाई, आधी तेवढं सांगा. तो घरी पोचला का?"