बिशपचं हरवलेलं पत्र

नोव्हेंबर २००४. रविवारची दुपार असूनही वेस्ट विंडसरमध्ये इतकं धुकं होतं, की समोरची घरं खरी की आठवणीतली, तेच कळेना. त्या धुक्यातून मालिनी आली आणि खाजगी डिटेक्टिव्ह नीलांबरीच्या दारातच रडायला लागली.

"तीनशे पंचवीस साली नायसियाला बिशपांची परिषद भरली," ती म्हणाली. "येशू देवाच्याच सत्त्वाचा, हे तिथे सह्या घेऊन ठरलं. सही न देणारे हद्दपार झाले. एका बिशपच्या पत्राची जुनी प्रत मी लायब्ररीतून आणली होती. 'हातानं सही केली, मनानं नाही,' असं लिहिलंय त्यात. आज काकांना दाखवायला चर्चमध्ये नेली, तर तिथून ती गायब झाली! उद्या परत दिली नाही, तर माझी पीएचडी कॅन्सल आणि व्हिसाही गेला."

"कोण होतं तिथे?"

"मोरेश्वर, माझा क्लासमेट. तो रेल्वेचा इतिहास करतो, चर्चमध्ये पहिल्यांदाच आला. आणि रवीकाका. आमचा प्रार्थनेचा ग्रुप त्यांचाच. परिषदेचे नियम आम्ही अजून पाळतो. ईस्टर सगळ्यांनी एकाच दिवशी, रविवारी गुडघे न टेकता उभ्यानं प्रार्थना... काकांनी चाळीस वर्षांत एकही मोडलेला नाही. मी चहा आणायला गेले, तेवढ्यात हे झालं."

नीलांबरीचा नवरा यतीन कोड वाचण्यात हुशार, माणसं वाचण्यात साफ कच्चा. "मोरेश्वरच यार. जेलसी!" गाडी काढता काढता त्याने निकालही लावला.

चर्चमध्ये रंगीत काचांमधून फिकट उजेड गालिच्यावर पडला होता. तिथे मोठ्याने बोलणंही नको वाटत होतं.

मोरेश्वर वैतागला होता. "मी मागे लॅपटॉपवर होतो. एकदा वर पाहिलं तर काका वेदीसमोर गुडघ्यांवर. प्रेयर चाललेली, डिस्टर्ब कशाला करू?"

रवीकाका वेदीपाशीच उभे होते. "प्रार्थनाच करत होतो, पोरी. दुसरं काय करणार?"

"याची बॅग बघू या," यतीन पुटपुटला.

"नको. मोरेश्वर खरं बोलतोय. काकांवर ढकलायचं असतं, तर गुडघ्यांचं त्याला सुचलंच नसतं, कारण नियमच त्याला ठाऊक नाही." नीलांबरी काकांकडे वळली. "काका, चाळीस वर्षांत या वाराला जे गुडघे प्रार्थनेला टेकले नाहीत, ते आज कशाला टेकले?"

तिने वेदीसमोरचा गालिचा उचलला. खाली पाकीट होतं, पाकिटात पत्र.

"ते सगळे बिशप एका मनानं सह्या करून गेले, या भरवशावर जगलो मी," काका म्हणाले. "हिचं छापून आलं तर काय उरणार? भीती वाटली गं."

माफी मागायला ते मालिनीसमोर गुडघे टेकू लागले. तिचा राग गेला नव्हता, तरी तिने पटकन त्यांचा दंड धरला.

"उभे राहा, काका," ती म्हणाली. "आज रविवार आहे."